डिझेलचा भाव कुठे ठरतो आणि लिटर कुठे वाचतात

कच्चे तेल उतरल्याची बातमी संध्याकाळी टीव्हीवर येते आणि दुसऱ्या दिवशी पंपावर तोच भाव असतो. उलट आखातात कुठे ठिणगी पडली की चार दिवसांत धास्ती सुरू होते, आता डिझेल किती चढणार? भाट्ये, राजिवडा, कर्ला, फणसोप या खाडीकाठच्या वस्त्यांत हा प्रश्न फक्त गाडीवाल्यांचा नाही. कोणाची नौका आहे, कोणाचे माड आहेत, कोणी रोज पूल ओलांडून रत्नागिरीत नोकरीला जाते, आणि गॅसची शेगडी तर बहुतेक घरांत आहे. भाव कशाने हलतो हे नीट समजले, तर आपला जोर कुठे चालतो आणि कुठे चालत नाही हे कळते. म्हणून आधी थोडे भावाचे गणित सांगतो. उपायांना जास्त जागा देणार आहे.

भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. त्याचा सौदा डॉलरमध्ये होतो आणि मोजमाप बॅरलमध्ये. एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर. डॉलर ८५ रुपयांना धरला, तर बॅरल एका डॉलरने महागले की लिटरमागे साधारण ५३ पैसे वाढतात, दहा डॉलरनी महागले की सव्वापाच रुपये. तेलाचा भाव जागच्या जागी राहिला आणि रुपया घसरला तरीही फटका बसतोच. बॅरल ७५ डॉलरला असताना डॉलर एका रुपयाने महाग झाला, तर लिटरला ४७ पैसे चढतात. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बातमी ऐकल्यावर कोणाला विचारायची गरज उरणार नाही.

बॅरलचा भाव का हलतो, याची कारणे भाट्यापासून फार लांबची आहेत. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी पुरवठा रोखला आणि तीन डॉलरच्या आसपास असलेले तेल काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेले. जुलै २००८ मध्ये ते १४७ डॉलरवर होते. एप्रिल २०२० मध्ये जग घरात बसले, तेव्हा अमेरिकेतल्या वायदेबाजारात एक दिवस भाव शून्याच्याही खाली गेला. मार्च २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर, तो पुन्हा १३९ डॉलरपर्यंत चढला. नेहमीच्या काळात जगात वापरल्या जाणाऱ्या तेलापैकी सुमारे एक पंचमांश तेल होर्मुझच्या अरुंद सामुद्रधुनीतून जाते. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस आयात होतो आणि त्यातला फार मोठा भाग याच वाटेने येतो. तिथे गडबड झाली की तिची झळ आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते.

मग तेल उतरल्यावर भाव का उतरत नाही? कारण पंपावरच्या किमतीत कराचा वाटा मोठा आहे. केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असते. राज्याचा मूल्यवर्धित कर टक्क्यांत असतो, त्यामुळे मूळ किंमत चढली की तो आपोआप वाढतो. २०२४ मध्ये मुंबई परिसरातला जास्तीचा दर खाली आणून उर्वरित राज्याइतका, म्हणजे पेट्रोलवर २५ आणि डिझेलवर २१ टक्के, करण्यात आला. पेट्रोलवर याखेरीज लिटरमागे अधिभार आहे. वर सांगितलेले सव्वापाच रुपये या करासह सव्वासहाच्या पुढे जातात ते असे. २०२० मध्ये तेल कोसळले तेव्हा केंद्राने मार्च आणि मे मिळून पेट्रोलवर १३ आणि डिझेलवर १६ रुपये शुल्क वाढवले. स्वस्ताईचा लाभ सरकारी तिजोरीत गेला. पुढे मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली, आणि नोव्हेंबर २०२१ व मे २०२२ अशा दोन टप्प्यांत हीच वाढ मागे घेतली गेली. पेट्रोलचे नियंत्रण २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये उठले, जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागले. तरीही प्रत्यक्षात ते महिनोन्महिने गोठलेले असतात. गोठलेल्या काळात तेल कंपन्या कधी तोटा सोसतात, कधी मागचा तोटा भरून काढतात. म्हणून आजचे बॅरल आणि आजचा पंप यांची सांगड घालू नका. महिन्यांच्या सरासरीत ती दिसते.

इथे एक समजूत खोडून काढणे मला आवश्यक वाटते. नाणार आणि नंतर बारसूच्या प्रकल्पाच्या वेळी अनेकांच्या तोंडी होते की रिफायनरी जवळ आली तर इंधन स्वस्त मिळेल. प्रकल्प हवा की नको हा वाद निराळा, त्याला जमीन, पाणी, मासेमारी असे पुष्कळ पदर आहेत. पण स्वस्त पेट्रोलची आशा त्यात धरू नये. मुंबईत १९५० च्या दशकापासून दोन मोठ्या रिफायनऱ्या आहेत, समोरच्या समुद्रात १९७४ मध्ये सापडलेले बॉम्बे हाय आहे, आणि शंभरी त्याच मुंबईत ओलांडली गेली. देशातल्या तेलाचा भावसुद्धा जागतिक बाजाराकडे पाहूनच ठरतो. जवळ असण्याने वाहतुकीचे काही पैसे वाचतात, एवढेच.

दूरच्या इंधनाला बांधून घेण्याची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजलेली आहे. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. इंधन नाफ्था, म्हणजे तेलाचेच अपत्य, आणि विजेचा दर डॉलरशी बांधलेला. तेल चढले, रुपया उतरला, वीज परवडेना, आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. नंतर तो सरकारी कंपन्यांच्या हाती आला आणि गॅसवर चालू झाला, तर २०१३ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटल्यावर पुन्हा थांबला. घरातला किंवा नौकेवरचा कोणताही बदल करताना विचारायचा प्रश्न यातूनच मिळतो: नव्या वस्तूचे इंधन कोठून येते, आणि त्याचा भाव कोण ठरवतो?

आता आपल्या हातातले. महिन्याला किती रुपये गेले हे प्रत्येकाला ठाऊक असते. किती लिटर गेले हे फार थोडे लोक सांगू शकतात. रुपये भावाबरोबर हलतात, लिटर तुमच्या वापराबरोबर. एक साधी वही करा. नौकेसाठी फेरीनिहाय लिटर, गाडीसाठी महिन्याचे लिटर आणि किलोमीटर, आणि सिलिंडर लावल्याची तारीख. दोन महिन्यांत चित्र स्पष्ट होते, आणि पुढचा प्रत्येक उपाय खरोखर लागू पडला की नाही हे याच वहीवरून कळते.

भाट्याच्या परिसरात सर्वाधिक लिटर नौका पितात, म्हणून सुरुवात तिथून. नौकेची चाल आणि डिझेल यांचे नाते सरळ नाही. चाल थोडी वाढवली की डिझेल फार जास्त जळते, कारण पाण्याचा विरोध झपाट्याने वाढतो. चाल दहा टक्के कमी केली, तर तेच अंतर कापायला साधारण वीस टक्के कमी डिझेल लागते. उदाहरण घ्या. वीस सागरी मैल जायचे आहे. आठ नॉटने अडीच तास लागतात. सव्वासात नॉटच्या आसपास आणली तर सुमारे सतरा मिनिटे उशीर होतो. त्या सतरा मिनिटांसाठी पाचवा हिस्सा डिझेल जाळावे का, हा हिशेब तांडेलाने मालकासमोर बसून मांडावा. परतताना मिरकरवाड्याच्या लिलावाची वेळ गाठायची असते आणि बर्फ वितळत असतो, तिथे घाई समजते. जाताना तेवढी घाई नसते. निदान जातानाची चाल ठरवून घ्या.

या घाईतूनच मोठ्या इंजिनांची चढाओढ लागली. एकाने जास्त अश्वशक्तीचे इंजिन बसवले की दुसऱ्याला बसवावे लागते, आणि वर्षभरात सगळे पुन्हा एकमेकांच्या बरोबरीने मासळीपाशी पोहोचतात. फरक एवढाच की प्रत्येकाचे डिझेल वाढलेले असते. एकट्याने यातून बाहेर पडणे कठीण आहे हे मान्य. पण संस्थेच्या सभेत नव्या इंजिनाची मर्यादा आणि बाहेर पडायची वेळ ठरवता येते. मच्छीमार समाजाने याहून कठीण नियम एकमताने पाळलेले आहेत.

जून-जुलैच्या बंदीत नौका किनाऱ्यावर येतात, तेव्हाची दोन कामे डिझेलच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. पहिले, तळ पूर्ण खरवडून, शेवाळ आणि शिंपले काढून, शिंपले न चिकटणारा रंग देणे. खडबडीत तळाची नौका तीच चाल धरायला कितीतरी जास्त जोर लावते. दुसरे, पंखा. पात्यांच्या कडा वाकलेल्या, खड्डे पडलेले, किंवा इंजिनाला न जुळणारा पंखा असेल तर डिझेल फुकट जाते. पूर्ण फेऱ्यांवर काळा धूर येत असेल तर पंखा जड आहे किंवा नोझल आणि पंप तपासायला हवेत. हंगामाच्या मध्यावर एकदा नौका कोरडी करून तळ घासून घेतला, तर त्याचे पैसेही सहज वसूल होतात.

भाट्ये खाडीच्या मुखाशी साचणाऱ्या गाळामुळे आणखी एक खर्च होतो, जो कुठल्याच पावतीत दिसत नाही. पाणी पुरेसे नसेल तर नौका इंजिन चालू ठेवून मुखाबाहेर खोळंबते किंवा जोर लावून रेतीवरून ओढली जाते. जुन्या तांडेलांना उधाण आणि भांगाचे गणित तोंडपाठ असे. सुकतीबरोबर बाहेर आणि भरतीबरोबर आत, असे वेळापत्रक धरले की प्रवाहाचा जोर फुकट मिळतो आणि खोळंबाही टळतो. ते ज्ञान तरुण मुलांना शिकवा, भरतीचे तक्ते तर आता मोबाइलवरही मिळतात.

मासळी शोधत फिरण्यात जाणारे डिझेल वेगळेच. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहांनी टिपलेले समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी मिळण्याचा संभव असलेल्या पट्ट्यांची माहिती मराठीतही देते. किनाऱ्यावरच्या ठरावीक ठिकाणापासून दिशा, अंतर, खोली असे तिचे स्वरूप असते. ढगाळ दिवसांत ती मिळत नाही आणि प्रत्येक वेळी मासळी सापडेलच असेही नाही. तरी आंधळा शोध कमी होतो. ही माहिती कशी वाचायची हे शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातल्या मंडळींना विचारता येईल. नवी नौका बांधणाऱ्यांनी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कमी डिझेल लागावे म्हणून केलेला ‘सागर हरिता’ नौकेचा आराखडा जरूर पाहावा.

डिझेलवरच्या राज्याच्या कराचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मिळतो. नोंदणी, परवाना, विमा यांतला एखादा कागद मुदतबाह्य झाला की परतावा अडकतो, तेव्हा बंदीच्या काळातच सगळे नूतनीकरण उरका. मार्च २०२२ मध्ये काय झाले ते आठवत असेल. संस्थांचे पंप घाऊक ग्राहक समजले जात असल्याने तिथले डिझेल साध्या पंपापेक्षा लिटरला वीस-पंचवीस रुपयांनी महाग झाले. सवलतीसाठी उभारलेली व्यवस्थाच काही काळ महाग पडली. सवलत जरूर घ्या, ती तुमच्या हक्काची आहे. पण धंद्याचा जमाखर्च सवलत वगळून बसतो का, हे एकदा मांडून पाहा.

गाड्यांबद्दल थोडक्यात. पेट्रोलियम संवर्धनासाठी नेमलेली पीसीआरए संस्था वर्षानुवर्षे सांगते की ताशी ४५ ते ५५ किलोमीटर ही सर्वांत काटकसरीची चाल. टायरमध्ये पुरेशी हवा, थांबल्यावर इंजिन बंद, हे सगळ्यांना माहीत आहे आणि फार थोडे पाळतात. भाट्याहून शहर तीन-चार किलोमीटर. एवढ्या छोट्या फेऱ्यांत इंजिन गरम होईपर्यंत फेरी संपलेली असते आणि पेट्रोल जास्त जाते. दिवसातल्या तीन फेऱ्यांची एक करा. ज्यांना जमेल त्यांना पुलावरून सायकलही फार लांब नाही. पावस-गोळपकडून रोज येऊन-जाऊन तीस किलोमीटर करणाऱ्यांनी विजेवरच्या स्कूटरचा हिशेब घालावा. पेट्रोलवर साठ-पासष्ट रुपये लागतात, तेवढेच अंतर घरी चार्ज केलेल्या स्कूटरला सुमारे एका युनिटात, म्हणजे दहा-बारा रुपयांत होते. चढावर आणि दोघे बसल्यावर पल्ला घटतो, तो प्रत्यक्ष चालवून बघून मगच घ्या. खाऱ्या हवेत जोडण्या गंजतात, तेव्हा जवळ दुरुस्ती होते का हे आधी विचारा. आणि शाळा-कॉलेजच्या वेळेला एसटी असेल तर तिच्याएवढे स्वस्त काहीच नाही.

घरात गॅस कशाला लागतो हे नीट पाहिले तर बऱ्याच घरांत आंघोळीच्या पाण्याचा वाटा लक्षात येण्याजोगा निघतो. सर्वांत आधी तोच कमी करावा. आठ-नऊ महिने सौर बंब हे काम करतो. पावसाळ्यात माडाची सोडणे, करवंट्या, पोयी, वाळलेली चुडते आहेतच. मात्र चूल बंद न्हाणीघरात पेटवू नका. धूर डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक आहे, आणि कोंदट खोलीत कार्बन मोनॉक्साइडने जीवही जातो. चूल पडवीबाहेर, धुराड्यासह हवी. दुसरे असे की सगळी सोडणे जाळून टाकू नयेत. माडाच्या आळ्यात पुरलेली सोडणे ओल धरून ठेवतात, पाणी कमी द्यावे लागते, पंप कमी चालतो. भाट्ये इथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. माडांच्या मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, मिरी लावण्याची ‘लाखी बाग’ ही पद्धत याच केंद्राची. आच्छादन, ठिबक आणि आंतरपिके यांबद्दल इतक्या जवळ इतके चांगले सल्लागार असताना त्यांना न विचारणे खरोखर वाईट. ज्यांच्या विहिरीवर डिझेल पंप आहे त्यांनी राज्याच्या सौर कृषी पंप योजनेची चौकशी करावी. सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्के भरावे लागतात.

गुरे असतील तर गोबरगॅसचा विचार आजही सर्वांत पक्का आहे. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते आणि त्यातून महिन्याला जवळजवळ पावणेदोन सिलिंडरांएवढा गॅस मिळतो. कोकणातली गाय लहान, म्हणून जनावरे मोजू नका, आठवडाभर शेण तोलून मगच आकार ठरवा. पंचवीस किलोच भरत असेल तर एक घनमीटरचे बांधा. मोठे बांधून अर्धे रिकामे ठेवले की ते बंद पडते, आणि मग गावात बोलले जाते की गोबरगॅस चालत नाही. सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने हजारोंच्या संख्येने संयंत्रे उभी केली आहेत, ती जाऊन पाहता येतात. गुरे नसलेल्यांसाठी खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र पुण्याच्या आरती संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली तयार केले होते. खाणावळी आणि पर्यटकांची घरे चालवणाऱ्यांना ते विशेष सोयीचे.

इंडक्शनबद्दल पुष्कळ जण विचारतात. एका सिलिंडरचे काम करायला त्याला साधारण सव्वाशे युनिट लागतात. महावितरणचा दर शंभर युनिटांच्या पुढे जवळजवळ दुप्पट होतो, त्यामुळे नुसते इंडक्शन घेऊन पैसे वाचतीलच असे नाही. छतावर सौर संच असेल तर मात्र चित्र बदलते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३० हजार आणि तीन किलोवॉट वा अधिक संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. पावसाळ्यात यात मोठी घट होते, आधी जमा झालेली युनिटे तेव्हा वापरली जातात. समुद्रकाठी संच बसवताना पातळ लोखंडी सांगाडा नाकारा, जाड जस्तलेपनाचा किंवा अॅल्युमिनियमचा मागा. २०२० चे निसर्ग आणि २०२१ चे तौक्ते ही वादळे आठवून तो स्लॅबमध्ये पक्का रोवून घ्या. पत्र्यावर नुसता टेकवलेला संच घेऊ नका. आणि माडाखाली तर मुळीच बसवू नका. सावली पडते ती वेगळी, एक नारळ पडला तरी काच फुटते.

वही भरत आली की ती संस्थेत आणि ग्रामसभेत घेऊन जा. खाडीच्या मुखाचा गाळ काढा ही मागणी राजिवड्याचे आणि भाट्याचे लोक फार वर्षे करत आहेत. पन्नास नौकांनी एका हंगामात मुखाशी किती तास इंजिन चालू ठेवून वाट पाहिली आणि त्यात किती लिटर गेले, हे तारखांसह मांडलेले निवेदन मत्स्यव्यवसाय खात्याला आणि बंदर खात्याला बाजूला ठेवणे कठीण जाईल. पावस मार्गावर सकाळी आणखी एक एसटी हवी असेल तर त्या वेळेला किती दुचाक्या पूल ओलांडतात हेही असेच मोजून द्यावे. नोंदी ऑगस्टमध्ये नौका पाण्यात उतरल्यापासून सुरू केल्या, तर पुढच्या बंदीपर्यंत पूर्ण हंगामाचा आकडा हाती असेल.